पाच मोजेपर्यंतचं पाणी

शर्यतीच्या होडीची मोटार म्हणजे अंगावर मांस न ठेवलेलं जनावर. वजन घटावं म्हणून तिच्यातून जे जे काढता येईल ते काढून टाकलेलं असतं, पाणी ओढणारा पंपसुद्धा. पाण्यात बुडणाऱ्या पायाला पुढून एक भोक, बस्स. होडी सुटली की नदी आपल्या जोरानं त्या भोकात शिरते, वर चढते, सिलिंडरभोवती फिरते आणि डोक्याजवळच्या नळीतून धार होऊन बाहेर पडते. मोटारीचं डोकं थंड राहतं ते एवढ्यावर.

पण तीच मोटार दुरुस्त करून शेडमध्ये लोखंडी घोडीवर टांगली, पाय हौदात सोडला आणि चालवून बघायची म्हटली, तर नदी आणायची कुठून? हौदातलं पाणी जागच्या जागी घुसळतं, भोकात काही शिरत नाही. त्या शेडमध्ये सव्वीस वर्षं नदी आणायचं काम आक्का करत होती.

चौथऱ्यावर पाण्याचं पिंप, पिंपापासून मोटारीच्या भोकापर्यंत रबरी नळी, नळीला पितळी कॉक आणि कॉकाशेजारी आक्काची खुर्ची, बुडाचा वेत फाटल्यामुळे फळी ठोकलेली. डावा हात कॉकावर, उजव्या हाताची दोन बोटं मोटारीच्या डोक्यातून पडणाऱ्या धारेखाली. बोट धरून मनात मोजायचं. पाचाला चटका बसून बोट काढावंसं वाटलं, तर मोटार खुशीत आहे. तीनलाच काढावं लागलं तर तापतेय, कॉक उघडा. दहा झाले तरी बोट निवांत, तर तिला हुडहुडी भरलीय, कॉक आवळा. भिंतीवर खडूनं ‘बोट – पाच’ लिहिलेलं होतं. पुसट झालं की मिस्तरी तेच पुन्हा गिरवायचा.

मिस्तरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोघांच्यात बोलणं फारसं नव्हतं, लागायचंही नाही. सुरू करताना आधी मोटार, मग पाणी. थांबवताना आधी पाणी, मग मोटार. उलट झालं तर पाणी धुराड्यातून सिलिंडरात चढतं. आक्कानं कॉक बंद करून मान हलवली की मिस्तरी मोटार बंद करायचा.

मोटार पुरती सुटली की आवाज इतका व्हायचा की तो ऐकूच यायचा नाही. पत्रा, खुर्ची, तोंडातले दात, सगळं एका सुरात थरथरायचं आणि त्या थरथरीच्या आत एक निवांत जागा सापडायची. आक्का तिथं जाऊन बसायची. निळ्या धुरात शेडच्या भिंती विरघळायच्या. हौदावर तेलाचे रंग पसरायचे, जांभळे, मोरपंखी, आणि ते वाहतायत असं वाटायचं. मग काठ सरकायला लागायचे. लव्हाळी मागं पळायची, एखादा बगळा उठायचा. मोटार जागच्या जागी टांगलेली, पण तिलाही हेच दिसत असणार, याबद्दल आक्काला शंका नव्हती.

खरी शर्यत तिनं एकदाही बघितली नव्हती. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, “तिथं माझं काय काम? तिथं पाणी आयतं असतं.”

तीन आठवड्यांपूर्वी बेकरीवाल्याची मोटार घोडीवर होती. बेकरीवाला पहाटेपासून पाव भाजायचा आणि सुट्टीच्या दिवशी होडी पळवायचा. त्याच्या कानाच्या पाळीला मैदा नाही असं कुणी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी आक्कानं बोट धरलं आणि मोजलं. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले. बोट मजेत. बाई गारठली, असं म्हणून तिनं कॉक आवळला. पुन्हा पंधरा. आणखी आवळला. मग आवाजात एक खरखर उतरली आणि मोटार एकदम मुकी झाली. पिस्टन सिलिंडरात धरून बसला होता.

मिस्तरीनं तो उपसून काढला, ओरखडे बघितले आणि बेकरीवाल्याला धारेवर धरलं. “पेट्रोलमध्ये तेल घालतोस का वास दाखवतोस? पावाला लोणी लावतानासुद्धा तुझा हात असाच आखडत असेल.”

“अरे, मापानं घातलं होतं,” बेकरीवाला म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी आक्काच्या दोन्ही बोटांना टरारून फोड आले. ती ओट्यापाशी उभी राहून बघत राहिली. गार पाण्यानं फोड येत नाहीत, एवढं कळायला मिस्तरी असावं लागत नाही.

पदर बोटांना गुंडाळून, डाव्या हातात चमचा धरून ती जेवली. त्यानंतर बेकरीवाला दोनदा येऊन गेला, दोन्हीदा मिस्तरीनं त्याला तेलावरून सोललं आणि दोन्हीदा आक्का पिंपात बघत बसली. तिला वाटायचं, सांगितलं तर कॉक जाईल. मग त्या खुर्चीत कोण बसणार, कुणास ठाऊक. पण ते लव्हाळ्याचे काठ आपल्याला पुन्हा दिसायचे नाहीत.

नवा पिस्टन बसला. रविवारी शर्यत आणि गुरुवारी मोटार चालवून बघायची होती. गुरुवारी सकाळी चहाचं आधण उकळत असताना तिनं बोटं वाफेत धरली. मग आणखी खाली. भावजय दूध घेऊन आत आली.

“वन्सं, काय करताय? आधणात बोटं घालताय?”

“कळतंय का बघते.”

“काय कळायचंय त्यात?” भावजयीनं तिचा हात ओढून नळाखाली धरला. बोटं लालभडक झाली होती. “हे दुखत नाही तुम्हाला?”

“नाही,” आक्का म्हणाली. “बेकरीवाल्याची मोटारसुद्धा मीच जाळली.”

भावजयीनं नळ बंद केला. मग आधणात साखर टाकत म्हणाली, “बोटं मेली म्हणून तुम्ही अख्ख्याच मेलात का? पोरांच्या आंघोळीचं पाणी कशानं बघायचात?”

आक्कानं तिच्याकडे बघितलं.

“कोपरानं बघायचात,” भावजय म्हणाली. “मी बोट घातलं की ओरडायचात. म्हणायचात, बोट निगरगट्ट असतं, त्याला काय कळतंय.”

दुपारी मोटार घोडीवर चढली. बेकरीवाला आधीच येऊन टेकला होता. तेलाचं माप यावेळी त्यानं कोंबडीच्या पिल्लासारखं छातीशी धरलेलं. मिस्तरी मोटार सुरू करायची दोरी गुंडाळत होता.

“थांब,” आक्का म्हणाली. “मागच्या वेळी तेल कमी नव्हतं. पाणी कमी होतं. माझ्या बोटांना कळत नाही आता.”

मिस्तरीच्या हातातली दोरी तशीच राहिली. त्यानं तिची बोटं उलटीपालटी करून बघितली, पक्कड बघतात तशी.

“कधीपासून?”

“फोड आले तेव्हा कळलं. कळणं कमी त्याच्या आधीपासून होत असेल.”

बेकरीवाल्यानं माप खाली ठेवलं. “म्हणजे तीन आठवडे मी शिव्या खाल्ल्या त्या कुणाच्या?”

“माझ्या वाटणीच्या,” आक्का म्हणाली.

“पोट भरलं माझं,” बेकरीवाला म्हणाला. मग मिस्तरीकडे वळला. “आणि लोण्याचं बोललास ते परत घे आधी.”

“घेतलं,” मिस्तरी म्हणाला. पण तो बघत होता खुर्चीकडे. “आक्का, उठ तू. आज मी धरतो.”

आक्का उठली नाही. तिनं बाही दंडापर्यंत सारली. “तू बोट धर. मी कोपर धरते. दोघं मोजू.”

मिस्तरीनं दोरी ओढली. मोटार खोकली आणि पेटली. आक्कानं कॉक सोडला. धार आली, आधी फुटक फुटक, मग सलग. बहीणभाऊ दोघं त्या एवढ्याशा धारेवर वाकले, त्याचं बोट वर, तिचं कोपर खाली. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून त्यानं दुसऱ्या हाताची बोटं उघडून दाखवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. तीनला आक्कानं कोपर काढलं. त्याचं बोट पाचाला निघालं.

पुन्हा. तीन आणि पाच. मग त्यानं तिच्याकडे न बघता कॉक चोरून आवळला आणि डोळे बारीक करून थांबला. आक्काचं कोपर दोनच्याही आत निघालं. तिनं त्याच्या हातावर फटका मारला आणि कॉक होता तिथं आणून ठेवला. मिस्तरीच्या मिशा हलल्या. तो बाजूला झाला, भिंतीपाशी गेला, ‘बोट – पाच’ तळव्यानं पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘कोपर – तीन’.

मग त्यानं मोटार पुरती सोडली. पत्रा थरथरायला लागला, खुर्ची, दात. धूर निळा झाला, बेकरीवाला त्यात पुसट होत गेला, कानाच्या मैद्यासकट. कोपरावरून गरम पाणी दंडाकडे ओघळत होतं. हौदावरचे रंग पसरले आणि जरा वेळानं वाहायला लागले.

बऱ्याच वेळानं आक्कानं कॉक बंद केला आणि मान हलवली. मिस्तरीनं मोटार बंद केली. कानात एक मऊ पोकळी उरली. हौदातलं पाणी अजून गोल फिरत होतं. त्यावर कुठून तरी आलेलं एक पीस फिरत होतं. भावजय दारात येऊन चहा निवतोय म्हणून सांगून गेली. ‘आले’ म्हणून आक्का बसून राहिली, पीस थांबेपर्यंत.