हलणारा मांडव

माझ्या लग्नाच्या सीडीत आई नाही. लग्नात होती, सकाळपासून राबत होती, तरी सीडीत नाही. कोणाला सांगितलं तर म्हणतात, असेल कुठेतरी, नीट पाहा. नीट पाहून पाहून सीडीला ओरखडे पडले, अजून किती नीट पाहू?

वडील माझ्या लहानपणीच गेले. म्हणून कन्यादानाला काका-काकू बसले आणि आईला सांगण्यात आलं, तू मांडवाच्या खांबाजवळच राहा, मध्ये येऊ नको. सांगणारी आमचीच माणसं. आईनं मुकाट्यानं ऐकलं, याचा मला अजून राग येतो.

शूटिंगवाला सडक अर्जुनी गावचा. मांडवातल्या रेटारेटीत त्याचा कॅमेरा सारखा हलत होता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा काका मला त्याच्या दुकानात घेऊन गेले. त्यानं कॉम्प्युटरवर कच्चं शूटिंग दाखवलं आणि काका भडकले.

"काऊन रे बाबू, मांडवात भूकंप झालता का? समदं हालूनच राह्यलं."

मी मात्र पडद्याच्या उजव्या काठाकडे पाहत होते. खांबाला धरून आई उभी होती, पदर तोंडाशी, डोळे भरलेले आणि तरी हसत. कॅमेरा हलला की अर्धी बाहेर जायची, परत यायची.

"टेन्शन नका घेऊ काकाजी," दुकानदार म्हणाला. "नवीन सॉफ्टवेअर आलं आहे. एकदम स्थिर करून देतो."

दिलं स्थिर करून. सासरी सगळ्यांनी एकदा पाहिलं, ज्यानं त्यानं आपापलं तोंड शोधलं आणि सीडी कपाटात गेली. पुढे काही वर्षांनी आई काविळीनं गेली. तेरावं झाल्यावर मी सीडी लावली. काठावर आई नव्हती, खांबसुद्धा नव्हता.

तशीच दुकानात गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, हालणं थांबवाचं असन तं चित्र थोडं मोठं करा लागते. मंग काठ कटतेच ना." मूळ टेप मागितली, तर तिच्यावर दुसऱ्यांची लग्नं घेऊन झाली होती. सगळे तसंच करतात म्हणे. वर मलाच विचारतो, "पण क्लिअर आलं ना?"

त्याला चार शिव्या हासडाव्या वाटल्या. पण आईला काठावर त्यानं उभं केलं नव्हतं. ज्यांनी केलं ते सीडीत मधोमध बसले आहेत, जराही न हलता.

अक्षता पडतात तेव्हा उजवीकडून एक हात आत येतो, तांदूळ टाकतो आणि जातो. बाकी बायकांचे हात बांगड्यांनी भरलेले, हा एकच रिकामा. माझी मुलगी विचारते, आजी कोणती? मी सीडी थांबवून तो हात दाखवते. परवा तिनं रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं, चेहरा दिसेल म्हणून. हात तेवढा मोठा झाला.