वनमालाताईंचा कलर

वनमाला राणे यांना पत्त्यांत हरवायचं तर घाई करून चालत नाही. कांदिवलीच्या या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या, मग यजमान गेले, लेक अक्षता बंगळुरूला संसाराला लागली आणि या पोकरच्या नादाला लागल्या. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत बापडे, त्यांना दुसरं काम काय!

त्यांच्या मंडळाचा पोकर म्हणजे रविवारचा निवांत कारभार. वर्गणी चहा-मिसळीपुरती, बक्षीस काही नाही. सुरुवातीलाच प्रत्येकापुढे चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, भलामोठा ढीग ठेवतात आणि सक्तीची बोली अगदी सावकाश वाढवतात. मग ज्याला दम धरता येतो तोच टिकतो. वनमालाताई खुशाल चकल्या खात नको ती पानं टाकून देत राहायच्या आणि तरणी पोरं एकेक करून उताणी पडताना बघायच्या.

मंडळाची रीत एकच होती: जो जिंकेल, त्याच्या घरी पुढचा डाव. ताईंना तेवढंच हवं होतं. घर खायला उठायचं हो. एखाद्या रविवारी तरी दारात चपलांचा ढीग पडावा, असं त्यांना फार वाटायचं. पण कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या; पहिला नंबर काही लागेना.

त्या रविवारी डाव मुलुंडला सर्वेशकडे होता. सर्वेश मंडळाचा पंच, नियमाला पक्का. दुपारपर्यंत दोघंच उरले, ताई आणि पवईला नोकरी करणारा यज्ञेश. टेबलावर तीन बदाम, ताईंच्या हातात दोन, म्हणजे पाची पानं एका रंगाची, कलर. यज्ञेशने मोठा ढीग पुढे सरकवला. ताईंनीही जवळजवळ सगळं लावलं.

यज्ञेशने पानं उघडली. सत्तीपासून गुलामापर्यंत सरळ सिक्वेन्स.

"गेलं रे, माझा नुसता कलर," म्हणत ताईंनी आपली पानं न दाखवताच ढिगाऱ्यात भिरकावली.

सर्वेश म्हणाला, "काकी, पोकरमध्ये कलर मोठा."

ताईंना हे माहीत नव्हतं थोडंच? तोंडपाठ होतं. पण कणकवलीला गणपतीत मामांच्या मांडीला मांडी लावून तीन पत्ती खेळलेली ही बाई. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला खातो, आणि ऐन वेळी हात तिथलाच चालला. टाकलेली पानं मेली, नियम म्हणजे नियम. उरलेल्या चार चिप्सही लगेच गेल्या. ताईंना वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं.

चहा घेताना यज्ञेश शेजारी येऊन बसला. "काकी, पुढचा डाव तुमच्याकडे करूया ना."

"हरलेल्याच्या घरी? रीत मोडायची नाही, मेल्या."

"बरं, डाव माझ्याकडे. पण त्याआधी आम्ही तुमच्याकडे जेवायला येतो. जेवायला बोलवायला काय जिंकावं लागतं?"

इतकी वर्षं ताई जिंकायची वाट बघत होत्या. नुसतं 'या' म्हणायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"नाही लागत," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवून सगळ्यांकडे वळल्या. "या ना रे. सगळेच या."