बंद घराचा भार

सदाशिव गेल्याचं कळलं तेव्हा मी नसरापूरला एका व्यापाऱ्याशी तांदळाच्या भावावरून हमरीतुमरीवर आलो होतो. फोनवर सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे सकाळी उठलेच नाहीत..." सौदा तसाच टाकून भोरला गेलो. दीड महिना झाला. दुःख आहेच, पण खरं सांगतो, राग जास्त आहे.

सदाशिव घरोघरच्या आरोग्य पाहणीचं काम करायचा. वर्षानुवर्षं चाललेली पाहणी. दर फेरीला भोर-वेल्ह्यातली निवडक घरं गाठायची. मी शिवऱ्याला रस्त्याकडेला तांदळाच्या पाट्या मांडून धंदा सुरू केला तेव्हापासूनची आमची दोस्ती. एवढ्याशा घरांवरून दोन तालुक्यांचं दुखणं कसं कळतं, म्हणून मी त्याला डिवचायचो. तो म्हणायचा, "पोत्यात सळई खुपसून तू मूठभर तांदूळ बघतोसच की! इथं एकेका घराला कित्येक घरांचा भार असतो. म्हणून यादीतलं घर सोडायचं नाही."

शेवटच्या सोमवारी एसटी चुकली, म्हणून मीच त्याला मोटारसायकलवरून हिर्डोशीच्या वरच्या वस्तीवर नेलं. यादीतल्या घराला दुसऱ्यांदा कुलूप. मी म्हणालो, "शेजारचं घर लिही की. कोण बघायला येतंय?" शेजारची म्हातारी ओट्यावर नाचणी पाखडत होती. "सून दवाखान्यात हाय, बाबा. बाळ न्हाई वाचलं. समदी तिकडंच हायती." सदा माझ्याकडे वळला. "दुखणं आहे म्हणून कुलूप आहे, आणि तू मला धडधाकट घर लिहायला सांगतोस?" मी मोटारसायकल वळवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या साहेबांनी त्याला फर्मावलं, दोन खेपा पुरे, टॅबमध्ये 'घर बंद' टाका. त्या घराचा भार उघडी मिळालेली घरं उचलतील. सदा म्हणाला, "साहेब, त्या घरांत बाळ गेलेलं नाही." सुट्टी टाकून पदरच्या खर्चानं तिसऱ्यांदा जायचं त्यानं ठरवलं. पण गुरुवारी सकाळी तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर मी कार्यालयात फोन केला. आठ दिवस द्या, कुणाला तरी मी स्वतः वर नेतो, म्हणालो. "फेरी संपली, काका. भार वाटून दिलाय. बेरीज बरोबर येते."

"बेरीज बरोबर येते, मग बाळ कुठं गेलं?"

फोन ठेवला त्यांनी. बड्याबड्या व्यापाऱ्यांना वाकवलंय मी, इथं मात्र आठ दिवस मिळाले नाहीत.

गेल्या आठवड्यात एकटाच हिर्डोशीला गेलो. कुलूप निघालं होतं. सुनेनं आतून घडी घातलेली चिठ्ठी आणली. मी गाडी वळवत असताना सदानं कडीत खोचली असावी. 'येऊन गेलो. शुक्रवारी परत येतो. घरी थांबा, बाळाची नोंद राहिली आहे. सदाशिव.'

"शुक्रवारी आमी समदी थांबलो व्हतो," ती म्हणाली. "कामावर बी न्हाई गेलो. दादा आलंच न्हाईत."