ओसी येण्याआधी

तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत साडी वाळत होती. मी खाली उभा राहून रिपोर्ट लिहीत होतो. 'इमारत रिकामी आहे' हे वाक्य लिहून झालं होतं. साडी दिसली आणि मी ते खोडलं.

ही कामोठ्यातली गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आज तिथे रिक्षा वळवायला जागा नाही. तेव्हा बुजवलेल्या भातखाचरांवर एकेक इमारत उभी राहत होती आणि दोन इमारतींच्या मध्ये कमरेएवढं गवत असायचं. बस हायवेला सोडायची आणि आत चालत यायचं.

मी एका हाउसिंग फायनान्स कंपनीच्या वाशी ब्रँचमध्ये टेक्निकल ऑफिसर होतो. घराचं लोन मंजूर झालं म्हणजे सगळे पैसे एकदम मिळत नाहीत. इमारत जशी वर चढते तसा हप्ता सुटतो. जोतं झालं, स्लॅब पडला, विटकाम झालं, प्लास्टर झालं. प्रत्येक वेळी माझ्यासारखा एखादा इंजिनियर साइटवर जाऊन बघतो, रिपोर्ट देतो, मग कंपनी बिल्डरला चेक देते. शेवटचा हप्ता मात्र अडवून ठेवतात. तो ओसी आल्यावरच. ओसी म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, इमारत राहण्यालायक झाली असा प्लॅनिंग ऑफिसचा दाखला. तो मिळेपर्यंत तिथे कोणी राहायचं नसतं.

आणि इथे तर साडी वाळत होती.

मी वर गेलो. जिन्याला कठडा होता, त्याला रंग नव्हता. काही फ्लॅटना कुलपं होती. काही दारांना अजून कडीच बसली नव्हती, ती सुतळीने बांधून ठेवली होती. हे बिल्डरचं काम नव्हे, हे मला लगेच कळलं. बिल्डर सुतळीचासुद्धा खर्च करत नाही.

तिसऱ्या मजल्यावर बेल नव्हती. मी दार वाजवलं. साखळी लावूनच ते उघडलं. आतल्या बाईंनी माझं आयडी कार्ड मागितलं, फटीतून घेतलं, फोटो आणि माझं तोंड दोन्ही नीट बघितलं आणि मग साखळी काढली.

सुमन जगदाळे हे नाव मला फाइलमुळे माहीत होतं. आमच्याच कर्जदार. पंचेचाळिशीच्या असतील. तुर्भ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. लग्न केलेलं नाही. मूळ कोरेगावकडच्या. नोकरीला लागल्यापासून चेंबूरच्या एका लेडीज हॉस्टेलमध्ये राहत होत्या. भाऊ गावाला शेती बघायचा. एकट्या बाईला घर कशाला, रिटायर झाल्यावर आमच्याकडे ये, असं त्याचं म्हणणं होतं. तरीही त्यांनी फ्लॅट बुक केला.

बिल्डरने दसऱ्याला ताबा देतो म्हणून सांगितलं होतं. त्या भरवशावर त्यांनी हॉस्टेलला नोटीस दिली. दसरा गेला, दिवाळी गेली. हॉस्टेलने त्यांची कॉट दुसऱ्या मुलीला दिली. मग त्या थेट बिल्डरच्या घरी गेल्या, चावी मागितली आणि राहायला आल्या. पाणी टँकरचं, खालच्या टाकीतून कळशीने वर आणायचं. लाइट बांधकामाच्या मीटरवरून ओढलेल्या वायरीची. बाकीचे फ्लॅटवाले ओसीची वाट बघत आपापल्या भाड्याच्या घरात बसले होते. सगळ्या इमारतीत ही एकच बाई.

त्यांनी चहा केला. बोलायला लागल्या आणि थांबेनात. राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे दूध उतू घातलं. पेढे आणले होते, पण द्यायला कोणी नव्हतं. वॉचमनला दिले. पुढे बिल्डरने पगार थकवला म्हणून वॉचमनही गेला. वारा सुटला की रिकाम्या फ्लॅटची दारं आपटायची आणि कोणीतरी आलं असं वाटायचं. म्हणून त्यांनी सुतळीचं बंडल आणलं. ऑफिसातून आल्यावर त्या आधी सगळे मजले फिरायच्या, दारं बघायच्या, खालचं गेट लावायच्या आणि मगच घरात शिरायच्या.

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मोकाशी साहेब, हे घर विकता येईल का हो?"

ओसीशिवाय चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही, मिळालं तरी त्याला लोन मिळणार नाही, असं मी सांगितलं. खरं तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. आयुष्यात एकच मोठी वस्तू घेतली आणि ती परतही करता येत नाही, असं काहीसं म्हणाल्या आणि हसल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

मी स्वतः तेव्हा नेरूळला भाड्याच्या खोलीत राहत होतो. बायको कोल्हापूरला शाळेत शिक्षिका. तिची बदली होत नव्हती आणि मला तिकडे नोकरी नव्हती. दिवसभर लोकांची घरं तपासायची आणि संध्याकाळी खानावळीतून डबा घेऊन कुलूप उघडायचं. त्यामुळे बाईंचं बोलणं मला समजावून घ्यावं लागलं नाही.

सोमवारी आमच्या ब्रँच मॅनेजरना, वर्तक साहेबांना, सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता. त्यांचं म्हणणं असं की ओसीशिवाय राहणं बेकायदा. रिपोर्टमध्ये तसं आलं की हेड ऑफिस लोन इररेग्युलर ठरवणार, म्हणजे त्यात घोटाळा आहे असं धरून सगळी रक्कम परत मागू शकणार. तेव्हा बाईंना तात्पुरतं दुसरीकडे जायला सांगा आणि मग जाऊन रिकाम्या इमारतीचा रिपोर्ट लिहा.

त्या जातील कुठे, असं मी विचारलं.

वर्तक साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोकाशी, आपण लोन देतो. सोबत देत नाही."

मी थोडे दिवस मागून घेतले आणि बिल्डरकडे गेलो. जनार्दनशेठ तिथल्याच गावचा. ती जमीन आधी त्यांच्या घरची भातशेती होती. शहर वसवायला ती सरकारने घेतली आणि तिच्या बदल्यात काही हिस्सा प्लॉट म्हणून परत दिला. त्या प्लॉटवर त्याने ही पहिली इमारत बांधायला घेतली. भात लावणं त्याला येत होतं, इमारत बांधणं तो शिकत होता. मी गेलो तेव्हा तो स्वतःच्या प्लास्टर न केलेल्या बंगल्याच्या पायरीवर बसला होता. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण तो आधीच खचलेला होता.

ड्रेनेजची लाइन मेन लाइनला जोडायची राहिली होती. तिच्यावाचून ओसी मिळत नव्हती. ड्रेनेजचा कॉन्ट्रॅक्टर पैशावाचून कामाला हात लावत नव्हता. पैसे आमच्याकडे अडकलेले आणि आम्ही ते ओसीशिवाय सोडत नव्हतो. सगळे एकमेकांकडे बघत थांबले होते. त्या थांबण्यात प्रत्यक्ष राहत होती ती एकटी बाई.

"चावी मांगाला आली तवा मी नाय कसा बोलनार?" जनार्दनशेठ म्हणाला. "माझे बहिनीवानी हाय ती. रोज वाटतं, तिला काय झालं तर गावात तोंड कसा दाखवू."

वाट एकच दिसत होती. शेवटच्या हप्त्यातला ड्रेनेजपुरता भाग कंपनीने बिल्डरला न देता सरळ कॉन्ट्रॅक्टरला द्यायचा. नियमात ते बसत होतं, पण बिल्डरची आणि इमारतीतल्या आमच्या सगळ्या कर्जदारांची लेखी संमती हवी होती. वर्तक साहेबांनी बराच विचार केला. सगळ्यांनी समोरासमोर सह्या केल्या तर बघू, म्हणाले. कर्जदार पसरलेले होते, कोणी घाटकोपरला, कोणी उरणला, कोणी पनवेलला. ते एकमेकांना ओळखतही नव्हते. मी ऑफिसच्या फोनवरून एकेकाला गाठलं. इमारतीत कोणी राहतंय हे एकालाही माहीत नव्हतं. भेटायचं कुठे हा प्रश्न आला तेव्हा जगदाळेबाई म्हणाल्या, माझ्याकडेच.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा सगळा जिना धुतलेला होता. बाईंकडे एकच कढई होती. त्यात त्यांनी सकाळपासून शिऱ्याचे घाण्यावर घाणे केले होते. माणसं बायकापोरांसकट आली. आपापल्या दाराच्या सुतळ्या सोडून त्यांनी फ्लॅट बघितले, भिंतींवर टिचक्या मारल्या, देवघर कुठे आणि फ्रिज कुठे यावर वाद घातले. मग बाईंच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून बसले. जनार्दनशेठ दाराशी उभा राहिला. एक-दोघांनी त्याला झाडलं. त्याने ऐकून घेतलं. सह्या झाल्या. जाताना प्रत्येक बाई जगदाळेबाईंना सांगून गेली, तुम्ही इथे कशा राहता, आम्हाला तर जमलंच नसतं. चांगल्या मनाने सांगत होत्या.

संध्याकाळी सगळे गेले. मी कागद बॅगेत भरून निघालो. बाई वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होत्या. दारं पुन्हा उघडी राहिली होती आणि वरच्या मजल्यावर एक आपटत होतं.

"थोडं बसता का?" त्या म्हणाल्या. "रोज एवढं वाटत नाही. आज माणसं येऊन गेली ना."

मी बसलो. बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्या तूर निवडत होत्या, मी समोरची भिंत बघत होतो. त्यांनी एकदाच विचारलं की कोल्हापूरला किती दिवसांनी जाता. मी सांगितलं. अंधार पडायला लागला तसं मी दारं बांधायला मदत केली, बाहेर आलो, आणि त्यांनी आतून गेट लावून घेतलं. हायवेपर्यंत चालताना मी मागे वळून बघितलं. सगळ्या इमारतीत एकच खिडकी उजळलेली होती. नेरूळच्या माझ्या गल्लीत सगळ्या खिडक्या उजळलेल्या असायच्या, माझी सोडून. यातलं बरं कुठलं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

रिपोर्टमध्ये मी जे होतं तेच लिहिलं. एक फ्लॅट वापरात, रहिवासी एकटी महिला, ड्रेनेज अपुरं, काम पुरं करण्यासाठी संमतिपत्रं जोडली आहेत. वर्तक साहेबांनी तो दोनदा वाचला. "हेड ऑफिसने विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागणार," असं पुटपुटले आणि सही केली. हेड ऑफिसने विचारलंच. उत्तर त्यांनीच दिलं. माझं नाव कुठेही येऊ दिलं नाही, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

ड्रेनेज जोडलं गेलं. ओसीला त्यानंतरही बराच काळ लागला. कागद टेबलांवरून फिरायला इमारत बांधण्याइतकाच वेळ घेतात. ओसी आली तरी लोक लगेच आले नाहीत. मुलांच्या परीक्षा होत्या. बाईंनी तो सगळा हिवाळा तिथे एकटीने काढला. मला तिकडे काम निघालं की मी वर जाऊन चहा घ्यायचो. घर विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

मे महिन्यात टेम्पो यायला लागले. मी गेलो तेव्हा जिन्यात सायकली होत्या, फोडणीचा वास होता, कुठेतरी टीव्ही मोठ्याने चालू होता. मी बाईंना म्हटलं, आता सोबत झाली.

"सोबत कसली," त्या म्हणाल्या. "सगळे आपापल्या घरात असतात. आठवड्यात दोन वाक्यं होतात, पाणी आलं का आणि पाणी गेलं का." मग जिन्याकडे बघत म्हणाल्या, "पण मोकाशी साहेब, बंद दार वेगळं आणि कुलूप लावलेलं दार वेगळं. आता मी जिना चढते तेव्हा सगळी दारं बंदच असतात. पण आत कोणीतरी असतं. तेवढं पुरतं मला."

पुढे माझी पुण्याला बदली झाली. बायकोलाही तिकडे शाळा मिळाली आणि उशिरा का होईना, आम्ही एका घरात राहायला लागलो. नोकरीत नंतर शेकडो इमारती तपासल्या. नव्या ऑफिसरांना मी एकच सांगायचो, रिपोर्ट खाली उभं राहून लिहायचा नाही, वर चढून लिहायचा. घर घेणारे सल्ला विचारायला येतात तेव्हा सगळे कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग विचारतात, पाण्याचं प्रेशर विचारतात. शेजारी राहायला आलेत का, हे कोणी विचारत नाही. ते आधी विचारावं.