कॅप्टननी मागे घेतलेला अर्ज

कॅप्टन खुर्चीला पाठ टेकवून बसल्याचं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीच्या अगदी कडेला, एक पाय पुढे, एक मागे, मागच्या पायाची टाच उचललेली, अशी त्यांची बैठक. नवीन ग्राहकाला वाटायचं, बाई उठून निघाल्याच आहेत, आणि तो घाईघाईनं चेक पुढे सरकवायचा. नारायण पेठेतल्या आमच्या बँकेच्या शाखेत मी नोकरीला लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी आलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुमची खुर्ची मोडकी आहे का?"

"खुर्ची चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मी खो-खोची आहे."

लग्नाआधी त्या जिल्ह्याच्या मुलींच्या संघाच्या कर्णधार होत्या. त्या काळी बँका खेळाडूंना नोकरी देत, तशी त्यांना ही मिळाली होती. शाखेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणत. काउंटरवरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर त्या पटकन वळतील याची कुणालाच खात्री नव्हती.

काउंटरवर त्यांची जीभ फार धारदार चालायची. एकदा एक गृहस्थ टोकन आपटत म्हणाले, "अहो, मला घाई आहे." कॅप्टननी मान वर न करता सांगितलं, "मग काल यायचं होतंत." आवाज चढलेला नसायचा. नोटा मोजता मोजता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलायच्या आणि समोरचा माणूस रस्त्यावर गेल्यावर त्याला काय लागलंय ते कळायचं. मात्र पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी माणसं आली, की ह्याच बाई काउंटरच्या बाहेर येऊन त्यांचा हात धरून सही कुठे करायची ते दाखवायच्या. त्याबद्दल कौतुक केलं तर म्हणायच्या, "सही चुकली की मलाच काम."

त्यांच्या यजमानांचा छापखाना होता, घराच्या खालीच, खिळे जुळवून छापायचा. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांची प्रगतिपुस्तकं. मग शहरात कॉम्प्युटर आले. यजमानांनी मागे पडायला नको म्हणून मोठं कर्ज काढून ऑफसेट मशीन घेतलं. ते बसवून होईपर्यंत गिऱ्हाईकं दुसरीकडे वळली होती. शेवटी मशीन भंगाराच्या भावात गेलं. दीड-दोन वर्षं ते गृहस्थ घरात खिडकीपाशी नुसते बसून होते, आणि एके दिवशी तिथेच छातीत कळ येऊन गेले. मागे राहिलं ते बँकेचं कर्ज, नातेवाइकांचे हातउसने आणि कागदाच्या व्यापाऱ्याची उधारी. ही उधारी तोंडी होती. व्यापारीही बरा माणूस, तो म्हणाला होता, "वहिनी, जाऊ द्या." कॅप्टन म्हणाल्या, "कागद घेतला होता ना? मग झालं." दर महिन्याला पगार झाला की त्या आधी त्याच्या दुकानात जायच्या.

अशी अनेक वर्षं गेली. त्या वर्षांत मी त्यांना नवी साडी नेसलेली पाहिली ती फक्त शाखेच्या वर्धापनदिनाला, आणि ती साडीही बहिणीची असायची. मुलगा निखिल हुशार निघाला. सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. त्यानं कर्ज फेडायला पैसे पाठवतो म्हणून फोन केला, तेव्हा कॅप्टननी साफ नकार दिला. "तो सात-आठ वर्षांचा असताना घेतलेलं कर्ज आहे," मला म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर कशाला?"

ह्या सगळ्यात त्यांचा स्वतःचा असा एकच वेळ होता, शनिवारची दुपार. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असे. काम आटोपलं की त्या नदीकडच्या एका शाळेच्या मैदानावर जायच्या. तिथे त्यांनी पंधरा-वीस मुली जमवल्या होत्या. बहुतेक आसपासच्या वस्तीतल्या, काही मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांच्या. मला शिट्टी वाजवण्यापुरतं त्या बरोबर न्यायच्या. काउंटरवर तुटक बोलणारी ही बाई मैदानावर आली की अगदी वेगळी व्हायची. स्वतः साडीचा पदर खोचून चौकोनात बसायची, पडलेल्या मुलीच्या गुडघ्यावरची माती आपल्याच रुमालानं पुसायची. सुरेखा नावाची एक मुलगी होती, कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईची. ती खांबाला वळसा घालायची तेव्हा कॅप्टन बोलायचं थांबायच्या. एकदा मला म्हणाल्या, "हिला रोज सकाळ-संध्याकाळ सराव मिळाला ना, तर ही राज्याच्या संघात जाईल. आठवड्यातून एका दुपारीत काय होणार? मीच कमी पडते."

म्हणून त्यांनी ठरवलं होतं. कर्ज फिटलं की मुदतीआधी निवृत्ती घ्यायची आणि रोज मैदानावर जायचं. शाळेच्या संस्थेशी बोलणंही झालं होतं. रोज येणार असाल तर मैदानाचा एक भाग कायम तुमच्याकडे, असं तिथल्या सचिवांनी कबूल केलं होतं.

आणि योग असा, की त्यांचा शेवटचा हप्ता गेला त्याच हिवाळ्यात बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. आमच्या शाखेत दुसरं बोलणंच नव्हतं. कुणी घाबरलं होतं, कुणी हिशेब मांडत होतं. कॅप्टननी पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. संध्याकाळी आम्हा चार-पाच जणींना मस्तानी पाजली. स्वतःचा ग्लास संपवून म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचं काही देणं लागत नाही. हलकं वाटतंय, पण जरा विचित्रच." पुढच्या शनिवारी त्यांनी मुलींना सांगूनही टाकलं. सुरेखानं विचारलं, "रोज म्हणजे रोज, बाई?" त्या म्हणाल्या, "तू दमून नको म्हणेपर्यंत."

त्यानंतर निखिल परत आला. अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या कंपन्या एकापाठोपाठ एक माणसं कमी करत होत्या, त्यात त्याचंही नाव आलं. दोन मोठ्या बॅगा घेऊन तो नारायण पेठेतल्या आईच्या दोन खोल्यांत येऊन राहिला. ज्या मुलाचं शेजारपाजारी कौतुक सांगत, तो आता दुपारी बारा वाजता पायजम्यावर दूध आणायला उतरू लागला. लोक विचारायचे, "सुट्टीवर का?" तो हो म्हणायचा. दुपारी सायबर कॅफेत जाऊन अर्ज पाठवायचा आणि घरी येऊन खिडकीपाशी बसायचा.

त्याच खिडकीपाशी. कॅप्टननी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही डबा खात होतो. त्यांनी पोळीचा घास तसाच ठेवला होता.

"अर्ज मागे घेते," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याशी भांडले. पेन्शन मिळणार होतं, हाती मोठी रक्कम येणार होती, कर्ज एक पैचं नव्हतं. मी सगळं बोटांवर मोजून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आकडे बरोबर आहेत गं. मीच काल रात्री तेच मांडले. पण पगार नसलेला माणूस घरात बसलेला मी एकदा पाहिलाय. तेव्हा निदान माझा पगार येत होता."

निखिलचंही माझ्यासारखंच म्हणणं होतं. तो एकदा मुद्दाम शाखेत आला आणि माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "आई, माझ्यासाठी थांबू नकोस. मला वर्षाच्या आत नोकरी लागेल. नाही लागली तर मी शिकवण्या घेईन."

"लागेलच," कॅप्टन म्हणाल्या. "नाही कोण म्हणतंय?"

"मग?"

"मग काही नाही. जा, ऊन चढायच्या आत घरी पोच."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला. मॅनेजर म्हणाले, "नीट विचार केलात ना? अशी योजना पुन्हा येईल असं वाटत नाही." त्या म्हणाल्या, "विचार फारच केला. तिथेच चुकलं असावं." आणि आपल्या जागेवर येऊन पुढचं टोकन पुकारलं.

निखिलला सात-आठ महिन्यांत नोकरी लागली. हिंजवडीला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्याच एकीत, चांगल्या पगाराची. तो पेढे घेऊन शाखेत आला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. कॅप्टननी पेढा घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "चला, बरं झालं," म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, त्यात शंका नाही. पण तो गेल्यावर त्या बराच वेळ समोरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

स्वेच्छानिवृत्तीनं निम्मी माणसं गेली होती आणि त्यांचं काम उरलेल्यांवर आलं होतं. शनिवारची दुपार आता बँकेतच संपायची. मैदानावर जाणं महिन्यातून एकदा झालं, मग दिवाळी-मे महिन्यापुरतं. संस्थेच्या सचिवांनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला नाही. पुढे त्या मैदानावर संगणकाचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कॉलेजची इमारत उभी राहिली. तिचा पाया खणत होते तेव्हा कॅप्टन एकदा रिक्षा थांबवून बघून आल्या. "चांगला खोल खणलाय," एवढंच मला सांगितलं.

सुरेखा एक दिवस आमच्या काउंटरवर आली. लग्न झालं होतं, एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागली होती, पगारासाठी खातं उघडायचं होतं. कॅप्टननी तिचा फॉर्म स्वतः भरला.

"पळतेस का अजून?" त्यांनी विचारलं.

"आता कुठे, बाई. दिवसभर उभं राहायचं असतं." ती हसत म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही तक्रार नव्हती. जाताना ती वाकून पाया पडली. कॅप्टन त्या दिवशी डबा न उघडता घरी घेऊन गेल्या.

साठाव्या वर्षी त्या रीतसर निवृत्त झाल्या. तोवर गुडघे गेले होते. निरोपसमारंभात भाषणाचा आग्रह झाला, तेव्हा उभ्या राहून म्हणाल्या, "बँकेनं मला खेळायला घेतलं आणि बसवून ठेवलं. तक्रार नाही, पगार वेळेवर दिला." लोक खूप हसले. निखिल हसला नाही. चहाच्या वेळी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आईनं तेव्हा माझ्यामुळे अर्ज मागे घेतला ना?"

"आईलाच विचार," मी म्हणाले.

"विचारलं. म्हणाली, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. कर्ज फिटलं पण भीती फिटली नाही, म्हणाली." तो कपातला चहा हलवत राहिला. "माझ्यामुळे म्हणाली असती तर बरं झालं असतं. निदान माफी तरी मागता आली असती."

निखिलनं त्यांना वाकडला आपल्या फ्लॅटवर नेलं. मुलगा, सून, नात, सगळी मायेची माणसं. त्यानं आईच्या नावानं खो-खोची स्पर्धा भरवायचंही मनावर घेतलं होतं. कॅप्टन म्हणाल्या, "ढाल देऊन मुली पळत नाहीत. रोज कुणीतरी त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं." सोसायटीतल्या मुलांना गोळा करून त्यांनी थोडे दिवस प्रयत्न केला, पण खाली सगळीकडे फरशा. एका मुलाचं कोपर फुटलं आणि त्याच्या आईनं चिठ्ठी पाठवली. ते तिथेच थांबलं.

मी अधूनमधून भेटायला जायची. शेवटची दोन वर्षं त्यांचं हृदय थकलं होतं, बोलताना दम लागायचा. त्याच सुमारास माझ्या घरी तसाच प्रसंग आला. आमच्या फ्लॅटचं कर्ज फिटलं होतं. मुदतीआधी निवृत्त व्हायचं म्हणून मी बँकेत नोटीस दिली होती. आणि माझी मुलगी बंगळूरची नोकरी आणि मोडलेला संसार मागे टाकून घरी परत आली. ती दिवसभर खोलीचं दार लावून असायची. मला वाटू लागलं, आणखी चार वर्षं पगार येत राहिलेला बरा. मी वाकडला गेले आणि कॅप्टनना सगळं सांगितलं. खरं तर त्यांनी हो म्हणावं म्हणूनच गेले होते.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"पोरगी पैसे मागते?"

"नाही."

"मग तिला काय हवंय?"

"माहीत नाही. ती बोलतच नाही."

"तू साडेनऊला घराबाहेर पडतेस, सातला येतेस. ती बोलणार कधी?" त्यांना धाप लागली. थोडं पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "निखिल आठ महिने घरी होता. माझा मुलगा, इतक्या वर्षांनी सबंध दिवस घरात. आणि मी काउंटरवर होते. मैदानाचं सोड. मला हे जास्त लागतं."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. बहुधा निखिललाही नाही.

मी नोटीस मागे घेतली नाही. पहिले काही आठवडे मुलगी आणि मी एकमेकींना अडखळत घरात वावरलो. मग हळूहळू सकाळचा दुसरा चहा आम्ही बरोबर घ्यायला लागलो, आणि त्या चहावर ती थोडं थोडं बोलायला लागली. निखिलचा फोन आला तेव्हा तसाच चहा चालला होता, कामाच्या दिवशी, बँकेचं शटर वर जायच्या वेळेला. "आई गेली, मावशी," तो म्हणाला.

मी कप ठेवून उठले. मुलगी म्हणाली, "थांब, मीही येते," आणि चपला घालायला लागली. नोकरीत असताना कुणीही गेलं की माझं पहिलं काम असायचं ते मॅनेजरना फोन करून रजा मागण्याचं. सवयीनं मी तेव्हाही फोन हातात घेतला, आणि मग लक्षात आलं, की आता कुणालाही विचारायचं नाही.