लिंब मागं पडला की तापणारी जीप

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बारामतीत गॅरेज चालवणाऱ्याला तो परवडतही नाही... गाडीत बिघाड झाला की कारण सापडलंच पाहिजे!

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. निर्मलाताई बारामतीत राहायच्या, इंदापूरच्या शाळेत शिकवायच्या. आबा — म्हणजे त्यांचे वडील — गेल्यावर त्यांची जुनी जीप ताई चालवू लागल्या. पण वाटेत अंथुर्ण्याजवळचा एक मोठा कडुलिंब मागं पडला की इंजिन तापायचंच. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, वॉटर पंप नवा टाकला. मी एकटा इंदापूरला जाऊन आलो, तर तापमानाचा काटा जागचा हलला नाही. ताई बसल्या की पुन्हा वाफ! माझं डोकंच चालेना.

“भाऊ म्हणतोय, विकून टाक,” ताई म्हणाल्या. “सलीमभाई, आबांची एवढीच वस्तू राहिलीय माझ्याकडं. कायतरी करा.”

मग एका रविवारी सकाळी मी शेजारी बसलो. लिंब मागं पडला आणि काटा सरसर चढला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. पुढं सावली नव्हती, म्हणून मी गाडी मागं घ्यायला लावली. लिंबाखाली थांबलो.

“आबांच्या वेळंला पण हितंच तापायची का?”

“तवा कधीच तापली न्हाय,” ताई म्हणाल्या. “ल्हानपणी मला गाडी लागायची. माझं तोंड उतरलं की आबा हितं थांबायचे. सगळ्यांना सांगायचे, इंजिन तापलंय, जरा उतरा. मला कुणी हसू नये म्हणून. ते गेल्यापासनं मी हितं थांबलेच न्हाय... थांबवतच न्हाय.” आणि त्या रडायलाच लागल्या.

मी फडकं घेऊन रेडिएटरचं टोपण उघडायला गेलो. टोपण गार! पाणी काठोकाठ! आणि आत्ता तर वाफ निघत होती...

जीप विकली नाही. ताई लिंबाखाली थोडं थांबून पुढं जायच्या. इंजिन पुन्हा कधी तापलं नाही. वायरिंग, काटा, पाण्यात अडकलेली हवा — सगळे तर्क करून झाले. कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

परवा मुलाच्या गाडीतून सगळे जाताना नातीचं तोंड उतरलेलं दिसलं. मी गाडी कडेला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं. “इंजिन तापलंय, उतरा सगळे.”

“अब्बा, काटा तर खाली हाय,” मुलगा म्हणाला.

“गप रे. मेकॅनिक मी हाय.”