‘चुकीचा नंबर’चं बटण

माझ्या आत्याला राग पटकन यायचा आणि जायला फार वेळ लागायचा. ड्रायव्हरने बस थांब्याच्या पुढे नेऊन उभी केली, दुकानदाराने मान वर न करता “संपलंय” म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, की ती दिवसभर धुमसत राहायची. आणि अशा बाईने नोकरी धरली होती ती फोनवरून पाण्याचे फिल्टर विकण्याची.

“तुला घेतलं कुणी?” बाबा विचारायचे.

“आवाज ऐकून घेतलं,” ती म्हणायची. “तोंड बघितलं असतं तर नसतं घेतलं.”

आवाज मात्र खरंच गोड होता. ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल. खुर्च्यांच्या रांगा, दोन खुर्च्यांमध्ये पातळ फळी, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन आणि समोर स्क्रीन. नंबर मशीनच लावायचं. पलीकडून “हॅलो” आलं की आत्याने सुरू व्हायचं. काय बोलायचं तेही स्क्रीनवर लिहिलेलं. हॉलवर देखरेख करणाऱ्या साहेबांना सगळ्या जणी मागून ‘गोडबोल्या’ म्हणायच्या, कारण ते कुणाला कामावरून काढतानासुद्धा हसून काढायचे. त्यांचे नियम ठरलेले होते. ‘वेळ आहे का’ असं कधी विचारायचं नाही, कारण लोक नाही म्हणतात. गिऱ्हाईक नको म्हणालं की ‘मी समजू शकते’ म्हणायचं आणि पुढचं वाक्य वाचायचं. तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत फोन सोडायचा नाही.

फोन संपला की एक बटण दाबायचं. ‘घेतलं’, ‘विचार करतो’, ‘नको’ किंवा ‘चुकीचा नंबर’. ‘नको’ दाबलं तरी तो माणूस सुटायचा नाही. थोड्या दिवसांनी मशीन त्याला पुन्हा गाठायचं, आणि ते वेगळ्या नंबरावरून, म्हणजे त्याने न ओळखता उचलावा. आत्याला हे माहीत होतं. पटत नव्हतं, पण पगार दर महिन्याला येत होता आणि घरात ती आणि आजोबा दोघंच होते.

मग आजोबा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. आत्याने रजा टाकली. हॉस्पिटलमध्ये सांगितलं, ऑपरेशन आजच करू, पण भूल देणारे डॉक्टर कधी मोकळे होतील ते नक्की नाही. तुम्ही घरी जाऊन त्यांचे कपडे आणि जुने रिपोर्ट घेऊन या, आधी नंबर लागला तर फोन करू, लगेच यायचं. आजोबांना सकाळपासून पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.

आत्या घरी आली आणि कपाट उपसायला लागली. फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने धावत जाऊन उचलला.

“नमस्कार मॅडम, आपण रोज पिता ते पाणी शुद्ध आहे का?”

आत्याने फोन बंद केला. थोड्या वेळाने दुसऱ्या नंबरावरून वाजला. हॉस्पिटलचा फोन कुठल्या नंबरावरून येईल कोण जाणे, त्यामुळे उचलणं भाग होतं. पुन्हा पाणीच. या वेळी ती शांतपणे म्हणाली, “हे बघ बाळा, माझे वडील हॉस्पिटलात आहेत. मी तिथल्या फोनची वाट बघतेय. आज नका करू.”

“मी समजू शकते मॅडम. म्हणूनच घरात शुद्ध पाणी असणं...”

आत्याला ते वाक्य पाठ होतं. ती स्वतः ते रोज म्हणत होती. “अगं, मी तुमच्याच कंपनीत आहे,” ती म्हणाली. “माझा नंबर काढून टाक त्यातून.”

“मॅडम, आमच्याकडे तशी सोय नाही.” मुलगी दुसऱ्या कुठल्या तरी शाखेतली असावी. तिचाही इलाज नव्हता.

त्यानंतर आणखी एक आला, मग आणखी एक. आजोबांचा सदरा हातात, रिपोर्ट सापडत नाहीत, आणि दर वेळी फोनकडे धावायचं. पुन्हा नवा नंबर वाजला तेव्हा आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडच्याला तोंड उघडायची संधीच न देता तिने जी सरबत्ती सुरू केली, ती ‘लाज कशी वाटत नाही तुम्हाला’पर्यंत आणून फोन ठेवला.

तो हॉस्पिटलचा होता.

हे तिला वॉर्डात गेल्यावर कळलं. सिस्टर चादर ओढता ओढता म्हणाली, “डॉक्टर आले होते. सही लागत होती तुमची. मी फोन केला, तर तुम्ही मलाच झापलंत.”

“परत करायचा होतात हो.”

“एवढं ऐकून घेतल्यावर? आणि मला इथे इतके पेशंट आहेत. तुमच्या जागी दुसऱ्यांना आत घेतलं. आता उद्या.”

आत्याने तिची माफी मागितली. आजोबा दिवसभर उपाशी पडून होते, आणि आणखी एक रात्र त्यांना मोडक्या पायाने काढायची होती. ते आत्याला रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती नंतर म्हणायची.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी नीट पार पडलं. आजोबा काठी धरून चालू लागले आणि आत्या कामावर हजर झाली. खुर्चीत न बसता ती सरळ साहेबांकडे गेली आणि घडलं ते सगळं सांगितलं.

“फार वाईट झालं,” गोडबोल्या हसरा चेहरा जरा आवरून म्हणाले. “पण मशीनला काय कळणार? आणि एक सांगू का, राग घरी ठेवून यायचा असतो.”

“मी घरीच होते साहेब,” आत्या म्हणाली. “तुम्ही तिथे आलात.”

“तुमचा नंबर काढायला सांगतो.”

“माझा एकटीचा?”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

त्या दिवसापासून आत्याने पहिलं वाक्य बदललं. “बोलायला वेळ आहे का?” असं ती विचारायची. नाही म्हटलं की “बरं, ठेवते” म्हणून ठेवायची. आणि ज्याच्या आवाजात वैताग जाणवेल त्याच्यासाठी ‘चुकीचा नंबर’चं बटण दाबायची. तेवढं एकच बटण होतं, ज्याने माणूस कायमचा सुटायचा. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने दोन दिवस बघितलं आणि विचारलं, “काय चाललंय तुझं?” आत्याने सांगितलं. मग तीही दाबायला लागली. मग मागची रांग. त्या सगळ्यांच्याच घरी फोन यायचे, सगळ्यांचेच कान किटलेले होते.

महिन्याभरात साहेबांच्या लक्षात आलं की निम्म्या गावाचे नंबर चुकीचे आहेत. त्यांनी आत्याला बोलावलं.

“एवढे चुकीचे कसे लागतात तुम्हाला?”

“ज्याला नकोय त्याला लावला, म्हणजे चुकीचाच लागला ना.”

“बाकीच्यांना कुणी शिकवलं?”

“मी,” आत्या म्हणाली. कुणी न विचारता तिने ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

या वेळीही ते हसले, पण आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ते हसू दातांपुरतंच होतं. पुढच्याच आठवड्यात ते बटण सगळ्यांच्या स्क्रीनवरून नाहीसं झालं. पाण्याचे फोन अजूनही येतात. त्या बटणाने सुटलेली माणसं तेवढी सुटली.

काही महिने आत्या घरी बसली आणि तेव्हा तिच्या तावडीतून कुणीच सुटलं नाही, बाबासुद्धा. मग एका दातांच्या दवाखान्यात फोनवर काम मिळालं. ‘उद्या तुमची वेळ आहे’ एवढं पेशंटला सांगायचं. तिथे तिची रीत अशी, की आधी आपण कोण, कुठून बोलतोय आणि काळजीचं काही नाही, हे एका दमात सांगायचं. पुढचं समोरचा ऐकतो म्हणाला तर.

डॉक्टर तिच्यावर खूश होते. एक दिवस म्हणाले, “जुन्या पेशंटना जरा फोन लावा. दात पांढरे करायचं नवीन मशीन आणलंय, सांगा त्यांना.”

“त्यांनी नंबर दात दुखतो म्हणून दिला होता,” आत्या म्हणाली. “मी नाही लावणार.”

डॉक्टर दोन दिवस घुश्शात होते. आत्या आठवडाभर होती. नोकरी मात्र टिकली.